हौशी वाद्यवृंदाचा हेतू काय असतो?

आपला प्रश्न असा आहे की, व्यावसायिक वाद्यवृंदांची उत्तमोत्तम ध्वनिमुद्रणे घरबसल्या ऐकता येत असताना हौशी वादकांनी जमून तीच सिंफनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) वाजवण्यात हेतू कोणता, आणि १५ वर्षांपूर्वी व्हायोलिन सोडलेल्या आपल्यासारख्याने त्यात जावे का. मी इंग्लंडमधील एका लहान शहराच्या अशा वाद्यवृंदात ११ वर्षे दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात वाजवतो.

हौशी वादन म्हणजे व्यावसायिकांची फिकी नक्कल, हे गृहीतच मला मान्य नाही. ऑस्ट्रियन संगीतकार फ्रान्झ शूबर्ट याच्या घरी वडील, भाऊ आणि तो मिळून चौघांचे वादन चालत असे. त्यात इतर मंडळी येत गेली, जागा अपुरी पडू लागली, आणि त्यातूनच पुढे व्हिएन्नात ओटो हाटविग यांच्या घरी जमणारा वाद्यवृंद उभा राहिला. शूबर्ट त्यात व्हियोला (व्हायोलिनसारखेच, पण थोडे मोठे आणि खालच्या सुराचे वाद्य) वाजवत असे. १८१६ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, लिहिलेली त्याची पाचवी सिंफनी पहिल्यांदा याच मंडळींनी वाजवली. लहान वाद्यवृंदाला साजेशीच तिची मांडणी आहे: तीत क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि टिंपनी (मोठे नगारे) नाहीत, फ्लूटही एकच आहे. जाहीर मैफलीत ती आली १८४१ मध्ये, शूबर्टच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी. (मुंबईत व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये उभारलेल्या बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रातही गोव्याच्या पेशेवर वादकांच्या शेजारी हौशी वादक बसत असत.)

हीच सिंफनी आम्ही बसवली, तेव्हा हेतू मला खऱ्या अर्थाने उमगला. पहिली व्हायोलिने सुरावट मांडतात, चेलो आणि डबल बास तिला खालून उत्तर देतात, आणि मधली साथ आमच्याकडे व व्हियोलांकडे असते. वर्षानुवर्षे ऐकूनही ही साथ मला कधी वेगळी जाणवली नव्हती. ती स्वतःच्या हाताने वाजवू लागल्यावर मात्र, आम्ही किंचित घाई केली तरी वरच्या सुरावटीचा सारा डौल कसा ढळतो, हे मला दर मंगळवारच्या सरावात ऐकू येऊ लागले. संगीत असे आतून ऐकणे, आणि तेही ज्यांच्याशी एरवी आपला संबंध आला नसता अशा माणसांच्या सोबतीने, याचसाठी आम्ही वर्गणी भरून दोन तास जमतो.

बसून (खर्जातले, फुंकून वाजवायचे लाकडी वाद्य) वाजवणाऱ्या आमच्या दोघांपैकी एक परिचारिका आहे. तिची रात्रपाळी असली की तिचे स्वर एक चेलोवादक सांभाळतो, आणि तरीही ती जागा रिकामी असल्याचे साऱ्यांना कळते. आमच्याकडे प्रवेशासाठी चाचणी नाही, चुकणाऱ्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही; पण घरी सराव केल्याशिवाय येणारा इतर चाळीस जणांची संध्याकाळ खर्ची घालतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हौस म्हणजे कसेही चालेल, असा अर्थ आम्ही कधी घेतलेला नाही.

तेव्हा आपण अवश्य जावे. दुसऱ्या व्हायोलिनमध्ये शेवटच्या स्टँडवर (दोघांत मिळून एक स्वरलिपी ठेवायची घोडी), आतल्या बाजूला, म्हणजे श्रोत्यांपासून दूरच्या खुर्चीवर, जागा मागून घ्यावी. तेथे बसणाऱ्याकडे पान उलटण्याचे काम असते. पहिला महिना अवघड ओळींतील प्रत्येक मात्रागटाचा (बारचा) पहिला स्वर तेवढा वाजवावा, बाकीचे सोडून द्यावे, पण मोजणे थांबवू नये.