प्रश्न वाचकांचे : माळ्यावरच्या बुटक्या भिंतीतले कपाट

प्रश्न : आमच्या माळ्यावरील खोलीत छप्पर उतरत येते, तिथे सुमारे 90 सेंटिमीटर उंचीची लाकडी सांगाड्याची भिंत आहे. तिच्यामागची तिकोनी जागा वाया जाते. भिंत कापून तिथे ड्रॉवरचे कपाट बसवता येईल का, आणि ते आत किती न्यावे?

उत्तर : बसवता येईल; मात्र मापे घेण्यापूर्वी ती भिंत छपराचा भार पेलते का, हे पाहून घ्यावे. मागे बॅटरी घेऊन डोकावता आले, तर बरेच काही कळते. प्रत्येक वाशाच्या बरोबर खाली भिंतीचे एकेक उभे लाकूड येत असेल, किंवा वाशांना मध्ये आधार देणारी तुळई त्या लाकडांवर टेकलेली असेल, तर भिंत भार घेते असेच धरून चालावे. अशा भिंतीचे लाकूड कापायचे झाल्यास आधी छपराला तात्पुरते टेकू द्यावे लागतात आणि कापलेल्या जागेच्या वर, दोन्ही टोकांना पक्का आधार असलेली आडवी तुळई बसवावी लागते. तिचे माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावे. छप्पर कैच्यांवर (लाकडे त्रिकोणांत जोडून केलेल्या सांगाड्यांवर) असेल, तर कैचीचे एकही लाकूड कापू नये, कारण त्यातला प्रत्येक तुकडा ताण किंवा दाब वाहत असतो.

हा सगळा व्याप टाळायचा असेल, तर अरुंद कपाट करावे. अशा भिंतींत उभी लाकडे पुष्कळदा मध्यापासून मध्यापर्यंत 40 सेंटिमीटरवर असतात, म्हणजे त्यांच्यामध्ये सुमारे 36 सेंटिमीटर मोकळी जागा मिळते. तेवढ्यात बसणारी दोन-तीन कपाटे शेजारीशेजारी केली, तर एकही लाकूड कापावे लागत नाही. आमची पसंती यालाच आहे.

आत किती न्यावे, हे छपराच्या उतारावर ठरते. उतार 45 अंशांचा असेल, तर जितके आत जावे तितकीच उंची घटते; म्हणजे 60 सेंटिमीटर आत गेल्यावर 90 पैकी 30 सेंटिमीटरच उरतात, आणि त्यातूनही उष्णतारोधक थराची जाडी वजा करायची असते. हाच उतार 30 अंशांचा असेल, तर तिथे सुमारे 55 सेंटिमीटर मिळतात. उतार तीव्र असल्यास खालचे ड्रॉवर लांब आणि वरचे आखूड ठेवावेत. कपाटाची पाठ पायऱ्यांसारखी झाली तरी बाहेरून कोणाला दिसत नाही.

बहुतेक कपाटे फसतात ती सुतारकामात नव्हे, उष्णतारोधनात. भिंतीमागची जागा बहुधा खोलीच्या मानाने फार तापते किंवा गारठते, आणि त्या दोहोंमधला अडसर म्हणजे ही भिंत. ती कापली की अडसराचे काम कपाटाच्या पेटीकडे येते. म्हणून पेटीच्या वर, दोन्ही बाजूंना आणि पाठीला कडक फोमच्या पाट्या चिकटवून त्यांचे सांधे टेपने बंद करावेत, आणि पेटी व भिंत यांमधली फट सीलंटने भरावी. हे राहून गेले, तर थंड हवेत पेटीच्या आतल्या बाजूला दव धरते, आणि कपड्यांना बुरशी लागते. भिंतीच्या तळाखाली, जमिनीच्या कड्यांमधल्या (जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांमधल्या) पोकळ्याही बुजवाव्यात. तिथून येणारी हवा सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही. छपराला लागून वायुवीजनासाठी ठेवलेली पोकळी मात्र मोकळीच राहिली पाहिजे.

पेटी बाहेर तयार करून आत सरकवावी, पण त्याआधी ती जिन्याच्या वळणावरून वर जाईल का, ते मोजावे. भोक पेटीपेक्षा रुंदीला व उंचीला 12 मिलिमीटरने मोठे ठेवले, की पाचरी ठोकून पेटी लेव्हलमध्ये आणता येते. तिचे दोन्ही कर्ण समान भरेपर्यंत स्क्रू घट्ट करू नयेत. पेटीचे मागचे टोक कड्यांवर टेकवावे. कड्यांच्या मधल्या भागात बहुधा खालच्या खोलीचे छतच असते, ते वजन पेलत नाही. कापण्यापूर्वी भिंतीतील वायरिंग पाहून त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा.

प्रश्न : त्याच जागेत ड्रॉवरऐवजी दार आणि फळ्या केल्या तर?

उत्तर : काम सोपे होते, पण मागची वस्तू काढायला दर वेळी गुडघ्यांवर बसून आत डोके घालावे लागते. ड्रॉवर पूर्ण बाहेर येणाऱ्या चॅनेलवर बसवावेत आणि बाजूने लावायच्या बॉल-बेअरिंग चॅनेलसाठी दोन्हीकडे सुमारे 13 मिलिमीटर जागा सोडावी. दारच करायचे असेल, तर त्याच्या चारही कडांना रबरी पट्टी लावावी आणि दाराच्या आतल्या बाजूलाही फोमची पाटी बसवावी.