१७ दिवस वर गेलेत, आणि किट अजून आणलेलं नाही

"ताई, पाळीची तारीख उलटून १७ दिवस झाले, रोज सकाळी उठले की आधी बाथरूममध्ये जाऊन बघते," असं लिहिलंयस तू. वय २३, पुण्यात कॉट बेसिसवर राहतेस, एमपीएससीचा अभ्यास. मागच्या पाळीनंतर आठवड्याभराने मित्राबरोबर एकदा संबंध आले, दुसऱ्या दिवशी गर्भ राहू नये म्हणून ती ७२ तासांवाली गोळी घेतलीस, नंतर पूर्व परीक्षा झाली, आणि आता रूममेटच्या सांगण्यावरून पपई आणि तीळ-गूळ चालू आहे. प्रेग्नन्सी टेस्टचं किट आणलं नाहीस कारण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ओळखीचा आहे.

अगं, आधी ते किट आण. दुसऱ्या पेठेतून आण, मैत्रिणीला पाठव, ऑनलाइन मागव, कसंही, पण आण. संबंध येऊन २१ दिवस झाले की टेस्टचं उत्तर भरवशाचं असतं आणि तुझे त्याच्याही वर झालेत, म्हणजे रोज झोप घालवतेयस त्या प्रश्नाचं उत्तर ५ मिनिटांत मिळण्यासारखं आहे. सकाळची पहिली लघवी कोरड्या स्वच्छ डबीत घ्यायची, पाकिटात ड्रॉपर असतो त्याने पट्टीच्या गोल खाचेत मोजून थेंब टाकायचे (किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं, बहुतेक २-३), पट्टी सपाट ठेवायची आणि घड्याळ लावायचं. पट्टीवरच्या सी (C) अक्षराजवळ एकच रेघ आली तर निगेटिव्ह, टी (T) जवळ दुसरी रेघ आली, अगदी फिकट आली तरी, पॉझिटिव्ह धरायचं, आणि सी ची रेघच नसेल तर ते किट फुकट गेलं, नवीन आणायचं. तासाभराने परत जाऊन बघू नकोस, वाळलेल्या पट्टीवर काहीही दिसतं आणि जीव उगाच टांगणीला लागतो.

गोळी घेतली होती म्हणून नसेलच, असं मात्र धरून चालू नकोस. ती गोळी बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, त्यामुळे पाळी थोडी मागेपुढे होते, पण आठवड्यापेक्षा जास्त उशीर झाला तर टेस्ट करायचीच असते आणि तुझा आठवडा कधीच उलटला.

आता समजा निगेटिव्ह आली. मग तू विचारशील की नाही तर मग पाळी का येत नाही? ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी नीट सांगतच नाही गं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. बीज बाहेर पडलं की त्यानंतर साधारण १२ ते १४ दिवसांनी पाळी येते आणि हे अंतर फारसं हलत नाही. हलतं ते त्याच्या आधीचं. म्हणजे उशीर तुला आत्ता दिसतोय पण तो झालाय महिनाभर आधी, बीज तयार व्हायचं होतं तेव्हा. आठव त्या दिवसांत काय चाललं होतं. ती गोळी घेतलेली, परीक्षा डोक्यावर, अभ्यासिकेत पहाटे ३ पर्यंत बसणं, आणि पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिलंयस ते, की पैसे वाचवायला मेसचा रात्रीचा डबा बंद केला आणि दोन महिन्यांत ५ किलो उतरले. मला विचारशील तर तुझ्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. पोटात पुरेसं अन्न जात नाही, वर टेन्शन आणि जागरण, की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोपच मंदावतो, शरीर म्हणतं आत्ता हे काम नको. माझी स्वतःची पाळी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला दोन महिने गायब होती आणि मी कुणाला न सांगता काढे पीत बसले होते, त्याने काही झालं नाही, नीट जेवायला लागल्यावर आली. पपईचंही तेच, आवडते म्हणून खा, पण पाळी आणायला तिची काही मदत नाही.

निगेटिव्ह आली तर आठवड्याने परत एकदा टेस्ट कर, आणि तुझं वजन इतकं उतरलंय म्हणून तीन महिने वाट न बघता आत्ताच डॉक्टरांना दाखव. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (हेही एक हार्मोनच), हिमोग्लोबिन बघतील, चेहऱ्यावर केस किंवा खूप पिंपल्स असं काही असेल तर पीसीओएससाठी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) सोनोग्राफी सांगतील. पाळी आणायच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने घेऊ नकोस.

आणि पॉझिटिव्ह आली तर? तरी रस्ता आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. लग्न झालेलं नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. तू १८ च्या वर आहेस, सही फक्त तुझी लागते, आईची नाही, त्या मित्राची तर नाहीच, आणि तुझं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कुणी "नवऱ्याला घेऊन या" म्हणालं तर तिथून उठ आणि दुसरीकडे जा, सरकारी हॉस्पिटलमध्येही गर्भपात होतो. फक्त गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून रूमवर एकटीने घ्यायच्या नाहीत, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी बाजूच्या नळीत राहिला असेल तर ते आधी कळायला हवं. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली तर टेस्ट झालेली असो नसो, रात्री २ वाजले असले तरी रूममेटला उठव आणि हॉस्पिटल गाठ.

आईला सांगायचं की नाही ते रेघ बघून मग ठरव. आज संध्याकाळी किट आण, उशाशी ठेव, मेसवाल्या काकूंना फोन करून रात्रीचा डबा परत चालू कर, आणि सकाळी जे काही दिसेल ते मला लिही, मी वाट बघतेय.