"पहिला" म्हटलं की थांब

दांडिया बाजार, बडोदा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा प्रश्नमंजुषेच्या अंतिम फेरीत "भारतातला पहिला..." एवढंच ऐकून तू बझर दाबलास आणि "राजा हरिश्चंद्र" म्हणालास. प्रश्न पहिल्या बोलपटाचा होता. येताना सुरसागरपाशी स्कूटर थांबवून तू म्हणालास, "सर, पाठांतर कमी पडलं." तुझा चेहरा बघून मी तेव्हा गप्प बसलो. पण पाठांतर कमी पडलेलं नाही. राजा हरिश्चंद्र १९१३, आलम आरा १९३१, ही दोन्ही सालं तू मला झोपेतसुद्धा सांगशील. "पहिला" हा शब्द कानावर पडला की त्याच्या पुढचं तू ऐकत नाहीस, दुखणं तिथे आहे.

हाच प्रश्न नीट उकलून बघू. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पण त्याच्या वर्षभर आधी, मे १९१२मध्ये, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरण्यांचा पुंडलिक लागला होता. मग पहिला कोण? पुंडलिक हे रंगमंचावर चाललेल्या नाटकाचं चित्रण होतं, म्हणून पहिल्या कथापटाचा मान बहुतेक जण फाळक्यांना देतात. ही अट माहीत असेल तर प्रश्न कसाही फिरवून आला तरी तू अडकणार नाहीस. आणि फाळके आपल्या कलाभवनात शिकले होते, हे बडोद्याच्या मुलाला ठाऊक असायलाच हवं.

अजून एक गंमत सांगतो, ही मला फार आवडते. १९१३च्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण त्या कामाला बाई मिळेना. पुढे १९३२मध्ये प्रभातचा अयोध्येचा राजा आला, पहिला मराठी बोलपट. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच, आणि तारामती होत्या दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांत काय बदललं, ते या दोन तारामती शेजारी ठेवल्या की दिसतं. सालांची यादी घोकून ते दिसत नाही.

विज्ञानात तर याहून जपून राहायला हवं. तुझ्या वहीत मी वाचलं, "हेलियमचा शोध: विजयदुर्ग." कोकणातले आपले नातेवाईक हे अभिमानाने सांगतात, १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला, हे खरंच आहे. पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणारा पट्टा, त्यांना इतका तेजस्वी दिसला की ग्रहण नसतानाही तो दिसेल असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पाहिलाही. इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय तेच निरीक्षण स्वतंत्रपणे केलं. त्या वर्णपटात एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या डी-१ आणि डी-२ या रेघांच्या जवळ, पण त्यांच्यावर न बसणारी. तिला डी-३ म्हणू लागले. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, तेव्हा लॉकियर यांनी हे नवं मूलद्रव्य असावं असं मांडलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम नाव मिळालं. पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना, युरेनियमच्या एका खनिजातून.

आता सांग, हेलियमचा शोध कोणी लावला? रेघ दिसणं, ती ओळखणं आणि वायू हाती येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांत सत्तावीस वर्षं गेली. प्रश्न कशाबद्दल आहे ते कळल्याशिवाय यातलं एकही नाव बरोबर नाही.

खेळाचं एकच उदाहरण देतो, घरचं आहे म्हणून. मार्च १९४७, रणजीची अंतिम लढत, बडोद्यात, समोर इंदूरचा होळकर संघ. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटची भागीदारी ५७७. प्रथम श्रेणीच्या सामन्यात कुठल्याही विकेटसाठी याहून मोठी भागीदारी थेट २००६मध्ये झाली, संगकारा आणि जयवर्धने यांची ६२४ धावांची, तिसऱ्या विकेटसाठी. "कुठल्याही" आणि "चौथ्या", या एका शब्दावर उत्तर फिरतं.

म्हणून आजपासून वहीची पद्धत बदल. डाव्या पानावर प्रश्न आणि उत्तर लिही, उजवं पान कोरं ठेव. ज्या प्रश्नात पहिला, सर्वात मोठा, एकमेव किंवा शोध असे शब्द असतील, त्याच्यासमोर उजवीकडे अट लिही: कशातला, कुठला, कधीपर्यंतचा. अट सापडत नसेल तर मध्यवर्ती ग्रंथालयात जा. सयाजीरावांनी १९१०पासून गावोगावी वाचनालयं उभी करायला घेतली ती लोकांनी स्वतः शोधून वाचावं म्हणूनच. तिथल्या काचेच्या जाड लाद्यांवरून चालत दोन कपाटं धुंडाळलीस की एक गोष्ट मिळेल, पण ती जन्मभर विसरणार नाहीस. मोबाइलवर दहा सेकंदांत मिळालेलं दहा दिवसांत जातं, हे मी माझ्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आणि सराव करताना बझरवरून हात काढ. प्रश्न संपेपर्यंत दोन्ही हात मांडीवर. पहिले काही दिवस तुझ्याआधी दुसरे उत्तर देतील, देऊ देत.

पुढच्या रविवारी येताना एक प्रश्न सोडवून आण. बडोदा संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण कधी सुरू झालं? एका पुस्तकात १८९३ सापडेल, दुसऱ्यात १९०६. दोन्ही बरोबर आहेत. कसे, ते उजव्या पानावर लिहून आण. अमरेलीपासून सुरुवात कर. काकू सेव-उसळ करणार आहे, सकाळी लवकर ये.

तुझा,
सर