वायर घेताना घाई करू नको, भाऊ

जुन्या घराची वायरिंग काढून नवी करतोयस, तर स्विच-बोर्डाच्या डिझाइनवर नंतर डोकं लाव, आधी वायर बघ. भिंतीत गेलेली वायर पुन्हा कोणी काढत नाही.

दुकानात बंडल हातात घेतलं की आयएसआयचा शिक्का, त्याखालचा सीएम/एल नंबर (म्हणजे कंपनीच्या परवान्याचा नंबर) आणि ‘आयएस ६९४’ (अशा वायरीच्या भारतीय मानकाचा नंबर) हे छापलेलं वाच. सीएम/एल नंबर सरकारच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. मग टोक सोलून एक तार ब्लेडने खरवड. आतून पांढरी निघाली, तर ते तांब्याचं पाणी दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, सरळ परत दे. ‘स्वस्तात लावून देतो’ म्हणणाऱ्याचं इथं ऐकायचंच नाही.

वायरची जाडी अशी: लाइट-पंख्याला दीड स्क्वेअर एमएम, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी-गिझरला चार. एसीची लाइन थेट डीबीपासून (घरातल्या मेन बोर्डापासून) वेगळी ओढ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याखालचा पाइप तर इतका तापतो की वायरची करंट वाहायची ताकदच कमी होते. म्हणून एका पाइपात वायरी कोंबू नको आणि जमलं तर एफआरएलएस प्रकारची वायर घे, ती आग पसरू देत नाही नि जळताना धूर कमी करते.

अर्थिंगची हिरवी वायर मात्र प्रत्येक सॉकेटपर्यंत गेलीच पाहिजे. पत्र्याच्या कूलरला ओला हात लागतो, घरात लेकरं असतात. डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घे. पक्कं बिल माग, बंडलावरचं लेबल जपून ठेव.