पणजीचा दिवस तारखेने का येत नाही

प्रिय पिल्ला,

परवा मावशीआजीशी बोलून झाल्यावर तू दोन प्रश्न विचारलेस. पणजीचा दिवस, म्हणजे तिचं वर्षाचं श्राद्ध, गेल्या वर्षी एका तारखेला होतं, यंदा दुसऱ्याच, असं का? आणि मावशीआजी तिला ‘देवभोळी’ म्हणाली, ते चांगलं की वाईट? लिहूनच देते, म्हणजे पुढेही उपयोगी पडेल. आधी थोडं गणित.

आपण दिवस तारखेने नाही, तिथीने करतो. आकाशात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणून महिन्याला ३० तिथ्या. अमावास्येनंतरच्या पंधरा शुद्ध, पौर्णिमेनंतरच्या पंधरा वद्य. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळे एखादी तिथी १९-२० तासांत आटपते, एखादी २६ तासांपर्यंत लांबते. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवस कमी. म्हणून सण दर वर्षी मागे मागे येतात, आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. दहीहंडी बघ: २०२४ मध्ये २७ ऑगस्ट, २०२५ मध्ये १६ ऑगस्ट. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून थेट ५ सप्टेंबर.

पणजी गेली श्रावण वद्य षष्ठीला. खूण सोपी आहे, गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी. कधी तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला तर एखादा दिवस इकडेतिकडे होतो.

आता फोनवरच्या पंचांगात हमखास होणारी चूक. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र त्यांचा एक पुढे असतो. आपली गोकुळाष्टमी श्रावणातली, त्यांच्याकडे तोच दिवस भाद्रपदातला. उत्तरेकडची पद्धत लावलेल्या ॲपमध्ये ‘श्रावण कृष्ण षष्ठी’ शोधलीस तर ते तुला आपली आषाढ वद्य षष्ठी दाखवील, म्हणजे अख्खा महिना आधी. सेटिंगमध्ये ‘अमान्त’ निवडायचं. आणि गोकुळाष्टमी जवळ आहे ना, हे एकदा ताडून बघायचं.

दुसरी चूक आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांची. भिंतीवरच्या कालनिर्णयातल्या वेळा भारताच्या आहेत. तिथी संपते तो क्षण जगभर एकच, पण त्या क्षणी पुण्यात संध्याकाळ असते आणि न्यू जर्सीत सकाळ. रोजच्या व्यवहाराला सूर्योदयाची तिथी धरतात, वर्षाच्या श्राद्धाला मात्र अपराण्हाची. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच सारखे भाग करायचे, त्यातला चौथा तो अपराण्ह. ऑगस्टच्या मध्यावर आपल्याकडे न्यू जर्सीत सूर्य सव्वासहाला उगवतो, पावणेआठला मावळतो. साडेतेरा तास, म्हणजे ८१० मिनिटं, भागिले पाच १६२. तीन भाग संपतात २ वाजून २१ मिनिटांनी, चौथा संपतो ५ वाजून ३ मिनिटांनी. या वेळात जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. समज, भारतात षष्ठी १४ तारखेला रात्री आठला लागली आणि १५ला संध्याकाळी सातला संपली, तर पुण्यात १५ तारखेची दुपार षष्ठीची. उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास मागे, म्हणून इथे ती १४ला सकाळी साडेदहाला लागेल आणि १५ला सकाळी साडेनऊलाच संपेल. आपला दिवस १४ तारखेला. पुण्याहून ‘उद्या आहे बरं का’ असा फोन येईल तेव्हा गोंधळू नकोस, दोघंही बरोबर असतात. गेलेल्या माणसाची मूळ तिथी मात्र जिथे मृत्यू झाला तिथल्या वेळेची धरायची. म्हणून गेल्याची वेळ लिहून ठेवावी, नुसती तारीख पुरत नाही.

हे सगळं पणजीला कागदाशिवाय कळायचं. संकष्टीला चंद्र रात्री नऊ-साडेनऊला उगवतो, वद्य षष्ठीला दहा-अकराच्या सुमारास. रोज थोडा उशीर. ओट्यावर उभं राहून चंद्राकडे बघितलं की तिथी समजत असे.

म्हणूनच ‘देवभोळी’ मला पटत नाही. मावशीआजी ते प्रेमाने म्हणाली, तरीही. भोळा माणूस हिशेब ठेवत नाही, आणि पणजीच्या पिढीतल्या बायकांची भक्ती म्हणजे पदोपदी हिशेब. जपाची माळ १०८ मण्यांची, पण मोजताना शंभरच धरायचे, वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. दर माळेला तांदळाचा एक दाणा वाटीत टाकायचा. रोज दहा माळा म्हणजे हजार, लाखाला शंभर दिवस. माळ अंगठ्याने आणि मधल्या बोटाने ओढायची, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. चातुर्मास आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, साधारण ११८ दिवस. तेवढ्यात लक्ष वातींचा नेम पुरा करायचा तर रोज साडेआठशेच्या आसपास वाती वळायला हव्यात. घरातली वीस माणसं जेवून उठल्यावर.

त्यातली एक फुलवात तू वळून बघ. आधी कापूस. मेकअप काढायचे गोळे घेऊ नकोस, त्यांत बऱ्याचदा पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. सिंकवर चिमट्याने धरून चार तंतू जाळून बघ. खऱ्या कापसाची राख भुसभुशीत होते, पॉलिएस्टर वितळून काळा मणी होतो. औषधाच्या दुकानातला शंभर टक्के कापूस चालतो. भारतातून आणलेला देवकापूस असेल तर सरकी आणि काडीकचरा वेचून काढ आणि बोटांनी पिंजून मोकळा कर.

बोराएवढा कापूस घे, तळहातावर पसरून पुरीसारखा चपटा कर. मधोमध चिमटीत धरून वर ओढ, म्हणजे कडा खाली पदरासारख्या पसरतील. चिमटीला दुधाचं बोट किंवा किंचित राख लाव, त्याने तंतू पकडीत येतात. मग वरचं टोक एकाच दिशेने तीन-चार वेळा पीळ. टोक करंगळीच्या नखाएवढं, जास्त नाही. बुड दाबून सपाट कर, नाहीतर वात निरांजनात कलंडते.

पीळ फार घट्ट बसला की तूप वर चढत नाही आणि ज्योत मिणमिणून विझते. सैल राहिला तर भडकते, काजळी धरते. दुधाचं बोट पुरतं वाळलं नसेल तर तडतडते. इथल्या थंडीत आणखी एक होतं: निरांजनातलं तूप थिजलेलं असतं, वात कोरडीच जळून जाते आणि आपण कापसाला नावं ठेवतो. तूप पातळ करून ओतायचं, वातीचं टोक त्यात बुडवून वर करायचं आणि मग लावायची. समईला फुलवात नाही, लांब वात लागते. ती पाटावर तळहाताने वळायची आणि दोन एकत्र करून जोडवात लावायची, तिळाच्या तेलात.

त्या दिवशीचा स्वयंपाक मी बघते. खीर, वडे, वरणभात, भोपळ्याची किंवा गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, कांदा-लसूण नाही. खीर तुझ्याकडे देते. एक लिटर दुधाला मूठभर, ५०-६० ग्रॅम तांदूळ. धुऊन, फडक्यावर वाळवून, तुपावर परतून जाडसर भरड काढायची आणि उकळत्या दुधात ढवळत सोडायची. साखर कणी मऊ शिजल्यावरच, आधी घातली तर तांदूळ दडदडीत राहतो. गूळ घालायचा झाला तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. पहिलं पान पणजीचं. बाहेर घास ठेवू तो छोटाच, आणि अंधार पडायच्या आत उचलायचा. इथे कावळ्याआधी रॅकून येतो, आणि त्याला पितरांत धरलेलं नाही.

पणजोबांच्या आधी, सवाष्ण गेली, म्हणून पितृपंधरवड्यात तिचा दिवस अविधवा नवमीला, भाद्रपद वद्य नवमीला. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवून ओटी भरायची. पणजोबा गेल्यावर काही घरांत हे थांबवतात, काही घरांत चालू ठेवतात. आपल्याकडे चालू आहे.

राहिलं तिच्याबद्दल लिहून काढायचं. रविवारी आजीला फोन करशील तेव्हा ‘कोणत्या साली?’ असं विचारू नकोस. तिला साल सांगता येणार नाही आणि ती उगाच ओशाळेल. ‘पानशेतच्या पुरात तुम्ही कुठे होतात?’ असं विचार. तो १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. तेव्हा कोण तान्हं होतं, कोणाचं लग्न ठरलं होतं, हे तिला लख्ख आठवेल. ‘बहात्तरचा दुष्काळ’ मात्र जपून घे, लोक त्यात मागचंपुढचं एखादं वर्षही धरतात. वहीत तीन रकाने आख: काय घडलं, त्या वेळी घरात काय चाललं होतं, हे कोणी सांगितलं. आजीचं आणि मावशीआजीचं जुळलं नाही तर दोन्ही लिही, खोडू नकोस. आणि नेम विचार: पणजीची एकादशी दोन्ही पक्षांतली होती की एकच, माळ कोणाकडून आली, लक्ष वाती किती वेळा पुऱ्या झाल्या. हे विचारायला सहसा उशीर होतो. आजी सत्त्याऐंशीची आहे.

देवकापसाची पिशवी वरच्या फडताळात, डाव्या हाताला आहे. पहिल्या दहा-बारा वाती बिघडतील, त्या टाकू नकोस, समईच्या जोडवातीत वळून घेऊ.

तुझी आई