माहेरच्या यादीतलं नाव

प्रश्न : लग्नाला दीड वर्ष झालं. माहेर औसा तालुक्यात, सासर चिंचवडला. मतदार यादीत नाव अजून माहेरीच आहे. चुलते म्हणतात, ‘राहू दे. ग्रामपंचायतीला एकेक मत मोलाचं, गाडी पाठवतो.’ सासूबाई म्हणतात, ‘इथं नवा फॉर्म भर, तिथलं आपोआप जाईल.’ कार्डावर आडनावही जुनंच आहे. काय करू, बाई?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : चुलत्यांची गाडी मी चांगली ओळखते. शाळा सांभाळून बीएलओचं, म्हणजे एका केंद्रापुरती मतदार यादी सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं. मतदानाच्या दिवशी लेकीबाळींनी भरलेल्या जीपा केंद्राच्या अलीकडच्या वळणावर रिकाम्या व्हायच्या, तेवढंच माहेरपण! पण तुम्ही नेहमी राहता तिथंच नाव असावं, असं कायदा सांगतो. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्याच यादीवरून तयार होते, म्हणजे नाव हललं की गावचं मतही गेलं. चुलते रुसतील. रुसू द्या.

सासूबाईंचं मात्र ऐकू नका. फॉर्म 6 पहिल्यांदाच नाव घालणाऱ्यांचा आहे. ‘माझं नाव आधी कुठल्याही यादीत नाही’ असं त्यात सही करून द्यावं लागतं. जाणूनबुजून खोटं लिहिलंत तर वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ‘आपोआप’ काही जात नसतं. दुबार नावं अशीच तर तयार होतात.

तुमचा फॉर्म 8. त्यात ‘स्थलांतर’वर खूण करा. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर भरा, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओच्या हातात द्या. नव्या सुनेच्या नावावर लाइट बिल कुठून येणार, म्हणून बहुतेकींचं घोडं इथंच अडतं. नवऱ्याचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असेल तर त्यांच्या नावाचा पुरावा चालतो. कार्डाचा नंबर तोच राहतो.

आडनावाची दुरुस्तीही फॉर्म 8 वरच होते, पण एका अर्जात एकच खूण करायची. म्हणून आधी पत्ता, नावाचं मागाहून. तेही तुम्हाला बदलायचं असेल तर; आडनाव बदलल्याशिवाय मत देता येत नाही असं कुठंही लिहिलेलं नाही.

वेळेचं तेवढं बघा. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव चढत नाही. आणि त्या सुमारास अर्जांचा असा पाऊस पडतो की बीएलओ बिचारी जेवण विसरते. आत्ताच उरकून टाका.

जुनं कार्ड फेकू नका. नाव चिंचवडच्या यादीत आलं की तेच कार्ड केंद्रावर दाखवता येतं. उलट कार्ड नवं कोरं असलं आणि यादीत नाव नसलं, तर केंद्रावरचे कर्मचारी परत पाठवतात. अर्ज मंजूर झाला असं कळलं की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पोर्टलवर बघून वहीत लिहून ठेवा. केंद्रात मोबाइल नेऊ देत नाहीत. काही अडलं तर 1950 वर फोन करा.