तुमचे प्रश्न: रिकामी बाटली, 'सापडलं नाही' आणि मेलेले मासे

पर्यावरणातली विषं मोजायचं काम नक्की चालतं कसं, यावर यावेळी बरीच पत्रं साठली होती. त्यातली पाच घेतलीत, मिळत्याजुळत्या प्रश्नांना एकच उत्तर दिलंय तर रुसू नका.

प्रश्न: ताई, राग मानू नका पण विचारतोच. नदी रात्रंदिवस वाहतेय, तुम्ही लोक सकाळी दहाला जाता, एक बाटली भरता आणि महिन्याभराने सांगता की पाण्यात शिसं इतकं न् कॅडमियम तितकं. दुपारी दोनला काय वाहून गेलं ते त्या बाटलीला काय माहीत?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर: सर, राग कसला, काही माहीत नसतं त्या बाटलीला. एक बाटली म्हणजे एका क्षणाचं पाणी. आणि ज्याला चोरून काही सोडायचंय तो रात्री सोडणार, आम्ही मात्र उजाडल्यावर जाणार, हे सगळ्यांनाच माहितीये. म्हणून नुसत्या बाटलीवर कुणी विसंबत नाही. काठावर एक मशीन बसवतात, ते दर तासाला थोडं थोडं पाणी ओढून साठवत राहतं. नाहीतर सरळ गाळाकडे जायचं, कारण शिसं, पारा, जुनी कीटकनाशकं ही मंडळी पाण्यात फार काळ रेंगाळत नाहीत, मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी जाऊन बसतात. शांत तळ्याच्या तळात नळी खुपसून गाळाची उभी कांडी काढली की वरचा थर यंदाचा, खालचा पणजोबांच्या वेळचा. थराचं वय काढायला शिसं-२१० हा शिशाचा किरणोत्सारी प्रकार वापरतात, ते साधारण २२ वर्षांत निम्मं होतं. शिवाय १९६३ च्या आसपासच्या थरात सीझियम-१३७ एकदम वर चढलेलं दिसतं, तेव्हाच्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांमुळे, ती आमची आयती खूण. तिसरा उपाय म्हणजे शिंपले. एका जागी बसून दिवसभर पाणी गाळत राहतात आणि जे येईल ते अंगात साठवतात, म्हणजे दुपारी दोनला जे वाहून गेलं त्याचा थोडा हिस्सा त्यांच्यात असतोच.

पण म्हणून बाटली भरणं सोपं आहे असं समजू नका हं. खालच्या बाजूने सुरुवात करून वर वर जायचं, प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं आणि बाटली आपल्या पुढ्यात बुडवायची, नाहीतर स्वतःच्याच पायाने उडालेला गाळ भरून आणाल. धातू मोजायचे असतील तर ॲसिडने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली, आणि पाण्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच दोनच्या खाली आणायचा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतो न् लॅबमध्ये पाणी एकदम छान निघतं. कीटकनाशकं मोजायची तर उलटं, प्लॅस्टिक चालत नाही, गडद तपकिरी काच लागते. आणि ती सध्या गाजत असलेली पीफास नावाची न मोडणारी रसायनं मोजायची असतील तर पुन्हा प्लॅस्टिक, आणि त्या दिवशी वॉटरप्रूफ जॅकेट घालायचं नाही कारण ती रसायनं जॅकेटातच असू शकतात, मग भर पावसात भिजत सॅम्पल घ्या. लेबल पेन्सिलीने लिहायचं, शाई पाण्यात पसरते. हे शेवटचं मी स्वतः एकदा बावीस बाटल्यांची लेबलं धुवून गेल्यावर शिकले.

प्रश्न: तुमच्याबरोबर फील्डवर आलेल्या माझ्या भाचीने सांगितलं की तुम्ही गाडीत एक शुद्ध पाण्याची बाटली नुसतीच फिरवून परत आणता आणि तिचीही टेस्ट करता. टेस्टचे पैसे वाया नाही का जात?
— एक मावशी

उत्तर: मावशी, आमच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची बाटली तीच. तिला फील्ड ब्लँक म्हणतात. लॅबमधलं शुद्ध पाणी घेऊन जायचं, नदीकाठी तिचं झाकण उघडायचं, बाकीच्या बाटल्यांना जे जे केलं ते सगळं तिलाही करायचं, आणि परत आणून मोजायचं. तिच्यात काहीच निघालं नाही पाहिजे. निघालं, तर नदीच्या नावाने जे छापणार होतो ते नदीचं नाही, आपलंच. माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या सगळ्या सॅम्पलमध्ये जस्त निघालं, आम्ही खूश, मोठं काहीतरी हाती लागलं म्हणून, आणि मग कुणीतरी ब्लँकचा आकडा बघितला तर तिथेही जवळजवळ तेवढंच जस्त. आम्ही घातलेल्या पावडरवाल्या हातमोज्यांचं होतं ते! चार दिवस कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

या बाबतीत क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढत होता, १९५६ मध्ये त्याने ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला जो आजही जवळपास तसाच आहे. पण त्याआधी कित्येक वर्षं त्याचे आकडे जुळेनात, कारण शिसं उल्केपेक्षा लॅबच्या धुळीत, भांड्यांत, केसांत, सगळीकडेच जास्त. शेवटी त्याने इतकी स्वच्छ लॅब बांधली की तशी तोवर कुणी बघितली नव्हती, आणि तिथून त्याच्या डोक्यात भुंगा सुरू झाला की एवढं शिसं जगात आलं कुठून. उत्तर मुख्यतः पेट्रोलमध्ये घातलेलं शिसं. मला मात्र त्याचं १९८० चं काम जास्त आवडतं, डोरोथी सेटल यांच्याबरोबर केलेलं. ट्यूना माशातलं शिसं. इतर लॅबना ताज्या माशातच इतकं शिसं दिसायचं की शिशाच्या सोल्डरने सांधून बंद केलेल्या डब्यातल्या माशातलं शिसं त्यापुढे फार वाटायचं नाही. यांच्या लॅबमध्ये ताज्या माशात जवळजवळ काहीच निघालं नाही, आणि डब्यातल्या माशात त्याच्या हजारो पट. म्हणजे आपली लॅब घाणेरडी असली की उगाच घबराट होते एवढंच नाही, खरं प्रदूषण झाकलंही जातं, कारण ज्याच्याशी तुलना करायची तेच खोटं. तर मावशी, ते पैसे वाया जात नाहीत.

प्रश्न: पाण्याच्या रिपोर्टमध्ये सगळीकडे 'बीडीएल' लिहून आलंय. म्हणजे पाणी स्वच्छ, बरोबर ना?
— एका सोसायटीचे सेक्रेटरी

उत्तर: बीडीएल म्हणजे मोजण्याच्या मर्यादेच्या खाली. 'नाही' असं मशीन कधीच म्हणत नाही, ते म्हणतं 'मला दिसलं नाही'. हजार लिटरच्या टाकीत एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीबी. एखाद्या लॅबच्या मशीनला पाच पीपीबीच्या खालचं दिसत नसेल आणि पाण्यात चार असेल तरी रिपोर्टवर बीडीएलच येणार. तेव्हा रिपोर्ट हातात आला की आधी मर्यादा किती आहे ते विचारा, ती सुरक्षित पातळीच्या बरीच खाली असेल तर निश्चिंत व्हा, वर असेल तर तो कागद रद्दीत घाला. (काही जण बीडीएलच्या जागी मर्यादेच्या निम्मा आकडा टाकून सरासरी काढतात, मला ते अजिबात पटत नाही पण भांडून दमले.)

आणि पाण्यात दिसलं नाही म्हणजे तळ्यात नाही असंही नसतं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटं फार म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ अशी तीनदा डीडीडी टाकली, डीडीटीचीच बहीण. हिशोब करून, फार तर ०.०२ पीपीएम होईल इतकीच (एक पीपीएम म्हणजे हजार पीपीबी). पाण्यातून ती थोड्याच दिवसांत दिसेनाशी झाली, म्हणजे आजच्या भाषेत बीडीएल. पण १९५४ च्या फवारणीनंतर ग्रीब पक्षी मरायला लागले, आपल्या टिबुकलीच्या जातकुळीतला मोठा पक्षी, मासे खाणारा. रोगजंतू वगैरे शोधून झाले, काही मिळेना, मग कुणीतरी त्यांची चरबी तपासली तर १६०० पीपीएम. पाण्यात टाकलेल्याच्या ऐंशी हजार पट! पाण्यातल्या सूक्ष्म जिवांमध्ये साधारण ५ पीपीएम, ते खाणाऱ्या माशांत त्याहून जास्त, मासे खाणाऱ्यांत अजून जास्त, असं ते चढत गेलं, कारण हे रसायन चरबीत विरघळतं आणि शरीराला ते लवकर बाहेर टाकता येत नाही. म्हणजे पाणी स्वच्छ झालं ते विष गेलं म्हणून नाही, ते अंगाअंगात जाऊन बसलं म्हणून. त्यामुळे तुम्ही पाण्याचा रिपोर्ट दाखवलात की आम्ही विचारणार, माशांचा आहे का?

प्रश्न: मासे मेले की सगळे फॅक्टरीकडे बोट दाखवतात. पण नक्की कुणी मारलं हे तुम्ही ठरवता कसं?
— एक पत्रकार

उत्तर: कधी ते बोट बरोबर निघतं, बऱ्याचदा पाण्यातला ऑक्सिजन संपणं एवढंच कारण असतं. पण कधीकधी पंचवीस वर्षं जातात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंडच्या आसपास कोहो जातीचे सालमन मासे समुद्रातून अंडी घालायला ओढ्यांत येतात, आणि शहरातल्या ओढ्यांत जोराचा पाऊस पडला की अंडी घालायच्या आधीच तडफडून मरायचे, गोल गोल फिरत, पृष्ठभागावर तोंड उघडत. फॅक्टरी कुठेच नाही. धातू, कीटकनाशकं, तेल सगळं तपासलं. लॅबमध्ये धातू आणि तेलातल्या रसायनांचं मिश्रण करून त्यात मासे सोडले तर मासे ठणठणीत. रस्त्यावरून वाहून आलेलं पाणी आणून त्यात सोडले तर काही तासांत खलास. आणि गंमत म्हणजे तेच पाणी मातीच्या थरातून गाळून दिलं तर मासे जगले. म्हणजे रस्त्यावर काहीतरी आहे, माती ते धरून ठेवते, पण काय?

मग टायर किसून पाण्यात भिजत घातलं, ते पाणी मारक निघालं. त्यात दोन हजारांहून जास्त रसायनं. ते पाणी वेगवेगळ्या भागांत विभागायचं, प्रत्येक भागात मासे सोडायचे, ज्यात मरतील तो भाग घेऊन पुन्हा विभागायचा, असं करत करत शेवटी एकच रसायन हाती आलं आणि ते टायरमध्ये टाकायच्या रसायनांच्या एकाही यादीत नव्हतं. सूत्रात कार्बन १८, हायड्रोजन २२, नायट्रोजन २, ऑक्सिजन २. मग ट्यूब पेटली, की टायर तडकू नयेत म्हणून ६पीपीडी घालतात त्यात कार्बन १८ च, नायट्रोजन २ च, फक्त हायड्रोजन दोन जास्त आणि ऑक्सिजन नाही. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की त्याचं हे ६पीपीडी-क्विनोन होतं. कुठल्याच फॅक्टरीने न बनवलेलं, रस्त्यावर आपोआप तयार होणारं विष. हे डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. निम्मे मासे मरायला किती लागतं तो आकडा संशोधकांनी आधी ०.८ पीपीबीच्या आसपास दिला होता, पुढे मोजमापाला शुद्ध रसायन मिळालं तेव्हा त्यांनीच तो ०.०९५ वर आणला, म्हणजे विष आधी वाटलं त्याहून आठपटीने जहाल. आणि त्याच ओढ्यातल्या चम जातीच्या सालमनला काही होत नाही, नुसते चम वापरून टेस्ट केली असती तर पाणी पास झालं असतं.

हे मी इतकं लांबवून सांगितलं कारण पत्रकार मंडळी विचारतात 'रिपोर्टमध्ये काय निघालं', आणि रिपोर्टमध्ये यादीतलंच निघतं. यादीत नसलेलं शोधायचं तर आधी कुणीतरी ओढ्याकाठी उभं राहून मासे मरताना बघावे लागतात.

प्रश्न: ताई, मी बारावीत आहे. मला या विषयात यायचंय. पण लॅबमध्ये डाफ्निया आणि मासे मारतात ते ऐकून कसंतरी झालं. हे कॉम्प्युटरवर नाही का करता येत? आणि कोणता विषय घेऊ?
— एक विद्यार्थिनी

उत्तर: कसंतरी झालं ते चांगलंच आहे, ज्यांना काहीच होत नाही त्यांना मी लॅबमध्ये घेत नाही. डाफ्निया म्हणजे पाण्यातला पिसवेएवढा जीव, त्याची टेस्ट ४८ तासांची, माशांची ९६ तासांची, निम्मे कितीला मरतात तो आकडा काढायचा. आता माशांच्या जागी झीब्राफिशची अंडी, किंवा ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशी वापरायच्या पद्धतींना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालीये. कॉम्प्युटरही मदत करतो, पण आधी कुणीतरी मोजलेलंच तो पुढे नेतो, ६पीपीडी-क्विनोन त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शिवाय सगळं लॅबमध्ये कळतही नाही. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत, १९६८ पासून. तिथल्या २६० नंबरच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतलं हॉर्मोन टाकलं, लिटरमागे फक्त ५-६ नॅनोग्रॅम, शहरांच्या सांडपाण्यात सापडतं तेवढंच. त्यात एकही मासा पटकन मेला नाही, ९६ तासांची टेस्ट आरामात पास. पण नर माशांच्या अंगात अंड्यातलं प्रथिन तयार व्हायला लागलं, पिल्लं होईनात, आणि बघता बघता फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे तळ्यातून जवळजवळ संपले. मग ते खाऊन जगणारे मोठे ट्राउटही कमी झाले, त्यांना हॉर्मोनने थेट काही केलं म्हणून नाही, खायलाच उरलं नाही म्हणून. हॉर्मोन टाकणं थांबवल्यावर काही वर्षांत मासे परत आले.

विषय म्हणशील तर रसायनशास्त्र पक्कं कर, स्टॅटिस्टिक्सचा कंटाळा करू नकोस आणि पोहायला शीक. पहिलं वर्षभर बाकी काही करायला मिळणार नाही, बाटल्याच धुवायच्या आहेत, ॲसिडने एकदा आणि शुद्ध पाण्याने तीनदा.